बडोद्यातल्या पणजोबांचा माग काढताना: आडनाव नंतर, आधी खातं

कोठी कचेरीच्या परिसरात जुनं राज्य-दफ्तर आहे, हे बडोद्याच्या मराठी घरांत बहुतेकांना ऐकून माहीत असतं. कोणी उत्साहाने तिथे जातो, आडनाव सांगतो आणि "आमच्या घराण्याचं काही आहे का?" असं विचारतो. समोरच्या माणसाला काय उत्तर द्यावं ते कळत नाही आणि त्यात त्याचा दोष नसतो. दफ्तर आडनावांवर लावलेलं नाही. ते खात्यांवर, महालांवर (म्हणजे तालुक्यांवर) आणि सालांवर लावलेलं आहे. गायकवाड सरकारच्या लेखी तुमचे पणजोबा पागेतले शिलेदार होते, अमरेलीच्या वहिवाटदार कचेरीतले कारकून होते किंवा खानगी (राजघराण्याच्या घरगुती) खात्याच्या पगारावरचे कोणी होते. आडनाव हा त्यातला सगळ्यात बिनमहत्त्वाचा तपशील. पुष्कळ कागदांत तो लिहिलेलाच नसतो.

म्हणून शोधाचा पहिला प्रश्न "आपण कोणत्या घराण्यातले?" असा ठेवू नका. "पणजोबा कोणाच्या पगारावर होते, कुठल्या महालात आणि साधारण कोणत्या साली?" असा ठेवा. ही तीन उत्तरं अंदाजे मिळाली तरी दफ्तराचं दार उघडतं. ती मिळतात घरात.

घरातली झडती

कागदांची पेटी सगळेच उघडतात. सनद, गहाणखत, वाटणीपत्र, पेन्शनीचा हुकूम, शाळेचा दाखला, जन्मपत्रिका हे पाहाच. पत्रिकेला कमी लेखू नका. तिच्यात शके, तिथी, गाव आणि वडिलांचं नाव असतं, आणि ती जन्माच्या आसपास लिहिलेली असते. शाळेतली जन्मतारीख मास्तरांनी सोयीने लावलेली असू शकते. १ जूनला जन्मलेले आजोबा दिसले की पत्रिका शोधायला लागा.

पेटीबाहेरच्या गोष्टी जास्त बोलक्या असतात. माळ्यावरची पितळी भांडी खाली काढा आणि काठाखाली, कानाजवळ, बुडाशी बघा. लग्नात दिलेल्या भांड्यांवर देणाऱ्याचं नाव, गाव आणि पुष्कळदा तिथी टोचून कोरलेली असते. चिंच-मिठाने घासून घासून अक्षरं झिजली असतील तर पिठाची चिमूट हलकेच चोळा आणि बाजूने उजेड पाडा, रेघा उमटतात. एखाद्या घंगाळावर पणजीच्या माहेरचं आडनाव मिळतं, जे घरातल्या एकाही कागदावर नसतं.

मग श्राद्ध-पक्षाची यादी. संकल्पात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्या नावाने येतात आणि आईकडच्याही येतात. घरात वर्षानुवर्षं पक्ष करणाऱ्या काकांकडे किंवा त्यांच्या गुरुजींकडे ही नावं कुठेतरी लिहिलेली असतात. काकांनी स्वतः ती त्यांच्या वडिलांच्या तोंडून घेतली असतील, तर एका बैठकीत पाच पिढ्या हाती येतात.

आणि एक प्रश्न घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला जरूर विचारा: "आपण सुतक कोणाकोणाचं धरायचो?" भाऊबंद कोण, हे वंशावळीपेक्षा सुतकावरून नेमकं कळतं. 'ते नुसते आडनावबंधू' आणि 'त्यांचं दहा दिवसांचं सुतक' यांत फार अंतर आहे. जोडीला कुलदैवत, गोत्र आणि कुळाचार लिहून घ्या. मूळ गावाचा पत्ता हरवलेल्या घरातही कुलदैवत शाबूत असतं, आणि कुलदैवतावरून निदान कुठल्या प्रांतातून निघालो एवढं उमगतं.

बोलणं फोनवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन. "पुरे आता, मशीन बंद कर" असं म्हटल्यानंतरच खरी भाऊबंदकी बाहेर येते, हेही ध्यानात ठेवा.

कोणत्या लाटेत आले?

मराठी माणसं बडोद्यात एकदम आली नाहीत. पहिली लाट फौजेची. पिलाजी आणि दमाजी गायकवाडांबरोबर सोनगडकडून जी पथकं उतरली, ती १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांच्या हाती आल्यावर हळूहळू इथली झाली. या घरांचे कागद पागा, शिलेदारी, सिबंदी (पगारी शिपाई), नेमणुका (सरकारी तनखे) आणि इनामं यांत शोधायचे. दुसरी लाट कारभाऱ्यांची. १८०२ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीशी करार होऊन बडोद्यात रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा प्रतिनिधी, आला, त्या सुमारास दिवाणगिरी, फडणीशी आणि सावकारी यांच्या आश्रयाने ब्राह्मण आणि कायस्थ प्रभू घरं वाढली. यांचा माग हुजूर दफ्तरात आणि रेसिडेंटच्या इंग्रजी पत्रव्यवहारात, दोन्हीकडे लागतो.

तिसरी लाट १८७५ नंतरची. मल्हाररावांना पदच्युत करून कवळाण्याचे गोपाळराव दत्तक घेतले गेले, ते तिसरे सयाजीराव झाले. दिवाण सर टी. माधवराव यांनी कारभाराची नव्याने घडी बसवली, आणि मुंबई इलाख्यातून शिकलेली माणसं नोकरीला येत राहिली. मास्तर, ओव्हरसियर, वकील, डॉक्टर. तुमच्या पणजोबांनी मुंबई विद्यापीठाची पदवी घेतली असेल तर विद्यापीठाच्या जुन्या छापील कॅलेंडरांत पदवीधरांच्या याद्या सालवार मिळतात. बडोदा कॉलेज १८८१ चं. तेही त्या काळी मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं.

या लाटेतल्या माणसाची बदली होत असे, हे विसरून लोक नुसतं बडोदे शहर धुंडाळतात. राज्याचे प्रांत बडोदे, कडी, नवसारी आणि अमरेली, शिवाय ओखामंडळ. द्वारकासुद्धा गायकवाडीतच. आजोबांचा जन्म नवसारीचा आणि मुंज अमरेलीला झालेली असेल, तर तो पणजोबांच्या बदल्यांचा नकाशा आहे असं समजा.

नावांचं कोडं

जुन्या कागदात माणूस 'विष्णु बल्लाळ' एवढाच असतो, म्हणजे बल्लाळाचा मुलगा विष्णु. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल. त्यामुळे १८२० चा विष्णु बल्लाळ आणि १८८० चा विष्णु बल्लाळ हे आजोबा-नातू असण्याचा संभव मोठा. दोघांना एकच माणूस धरलं की मधली एक अख्खी पिढी गळते आणि पुढचं सगळं चुकतं. साठ वर्षांच्या अंतराने तेच नाव दिसलं तर मधला 'बल्लाळ विष्णु' मुद्दाम शोधा. पिढीला सरासरी पंचवीस-तीस वर्षं धरून काळ जुळतो का पाहा.

घरात सगळे 'तात्या' म्हणत ते कागदावर तात्या नसतात. क्वचित 'ऊर्फ' लावून दोन्ही नावं दिलेली असतात, असा कागद जपून ठेवा. आडनावही बदलतं. फडणीस, चिटणीस, पोतनीस, दफ्तरदार ही हुद्द्यांवरून चिकटलेली नावं. त्याआधी त्याच घराचं आडनाव गावावरून पडलेलं असू शकतं.

नात्याच्या खुणा तीन-चारच आहेत, पाठ करून टाका. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, 'मयत' म्हणजे मेलेला, 'अज्ञान' म्हणजे वयात न आलेला.

साल कसं काढायचं

इथे गफलत झाली तर चुकीचा रुमाल (कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा) उघडून दिवस वाया जातो. जुन्या मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीत चालणारी एक कालगणना, अरबी अंकनामांत येतो आणि एकक आधी लिहिलेलं असतं. 'खमस सलासीन मयातैन व अलफ' म्हणजे पाच, तीस, दोनशे आणि हजार, म्हणून १२३५. त्यात ५९९ मिळवा, १८३४ येतं. हे साल मृगाला, म्हणजे साधारण जूनच्या आसपास सुरू होतं, म्हणून जानेवारी ते मे या महिन्यांसाठी ६०० मिळवायचे. शकात ७८ मिळवतात, जानेवारी ते फाल्गुन असेल तर ७९. गुजरातेतला विक्रम संवत कार्तिकात बदलतो. दिवाळीनंतर डिसेंबरअखेर ५७ वजा करा, एरवी ५६.

सयाजीरावांच्या काळातल्या राज्याच्या अहवालांत वर्ष १ ऑगस्ट ते ३१ जुलै असं धरलेलं आहे. त्यामुळे पणजोबा मे १८९६ मध्ये नोकरीला लागले असतील तर त्यांची नेमणूक १८९५-९६ मध्ये पाहायची.

कागदावर रुपयांपुढे 'बाबाशाही' असं दिसलं की तेवढ्यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. हे बडोद्याचं स्वतःचं नाणं, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश रुपयाने त्याची जागा घेतली.

दफ्तरात काय मागायचं

जाण्याआधी अर्ज, ओळखपत्राची प्रत आणि कामाचं कारण एका पानावर तयार ठेवा. पेन्सिल, जाड भिंग आणि वही न्या. फोटो काढायचे असतील तर आधी विचारा. अर्जात वंशावळीचा पाल्हाळ नको. खातं, महाल, सालांची मर्यादा आणि माणसाचं नाव, एवढ्या चार ओळी पुरेत.

आणि मागायचं काय, तर वारसाचं प्रकरण. माझ्या मते बाकी दहा प्रकारच्या कागदांपेक्षा हे एक जास्त देतं. नेमणूकदार, इनामदार किंवा पेन्शनर मेला की त्याच्या हक्कावर कोणीतरी अर्ज करी, दुसरं कोणी हरकत घेई, आणि सरकार म्हणे की नातं सिद्ध करा. मग वंशावळ जोडली जाई, भाऊबंदांचे जबाब होत, दत्तक असेल तर दत्तविधानाचे साक्षीदार येत. भांडण जितकं कडाक्याचं तितकी वंशावळ सविस्तर. गुण्यागोविंदाने नांदलेल्या घराने कागद फार थोडे मागे ठेवलेले असतात.

अशा अर्जाची सुरुवात कशी वाचायची ते एका नमुन्यावर पाहू. नमुना मी रचलेला आहे, धाटणी जुनी:

'अर्जदार कृष्णाबाई कोम विष्णु बल्लाळ मयत, वस्ती दांडिया बाजार, अज्ञान मुलगा बल्लाळ विष्णु वय वर्षे ९ याची पालनकर्ती.'

एका ओळीत काय काय आलं बघा. नवरा गेलेला. मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे अर्जाच्या तारखेवरून त्याचं जन्मसाल निघालं. मुलाचं नाव बल्लाळ, तेव्हा आजोबाही बल्लाळ, आणि तो नातवाच्या जन्माआधी गेलेला असण्याची शक्यता, कारण हयात माणसाचं नाव सहसा ठेवत नसत. राहती जागा दांडिया बाजार, म्हणजे घराचे कागद कुठे पाहायचे ते कळलं. अर्ज बाईने स्वतः केलाय, दिराने नाही. म्हणजे दीर नव्हता, वेगळा निघाला होता किंवा विरुद्ध बाजूला होता. तिसरी शक्यता असेल तर त्याच फाइलमध्ये पुढे हरकतीचा कागद मिळेल, म्हणून अर्जावर न थांबता शेवटच्या हुकमापर्यंत पानं उलटा.

मिळालेल्या प्रत्येक कागदाची खूण तिथल्या तिथे लिहा: खातं, साल, दफ्तर, रुमाल, फाइल, पान. घरी जाऊन लिहू म्हणाल तर तो कागद पुन्हा सापडत नाही.

दक्षिणा मिळवणाऱ्या वैदिक घराण्यांनी श्रावणमास दक्षिणेचे हिशेबही पाहावेत. बारखली, म्हणजे माफीच्या जमिनी असतील तर त्या खात्याची प्रकरणं वेगळी.

पणजी कुठे सापडते?

बाईचं नाव लग्नात बदलायचं, आडनाव बदलायचं, आणि वंशावळीत तिच्या जागी रिकामी रेघ असायची. छापील कुलवृत्तांतांची जुनी पुस्तकंही या बाबतीत कंजूषच. बडोद्यात मात्र दोन वाटा आहेत, ज्या आसपासच्या ब्रिटिश मुलखात त्या काळी नव्हत्या.

एक, शाळेचं जनरल रजिस्टर. सक्तीचं प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली महालात आणि १९०६ मध्ये राज्यभर लागू झालं, मुलींनाही. म्हणून या काळात शिकायच्या वयात असलेली पणजी तिच्या माहेरच्या नावाने शाळेच्या पटावर असण्याची चांगली शक्यता आहे. वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख आणि शाळा का सोडली याचा शेरा. शाळा चालू असेल तर मुख्याध्यापकांकडे, बंद झाली असेल तर ती ज्या संस्थेकडे गेली तिथे चौकशी करा.

दुसरी, १९०४ चा बालविवाह प्रतिबंधक निबंध. बडोद्यात कायद्याला निबंध म्हणत. वयाच्या आत लग्न लावायचं तर परवानगीसाठी अर्ज करावा लागे, न करता लावलं तर दंड होई. अर्ज असो वा दंड, वधू-वरांच्या आणि बापांच्या नावांसकट कागद तयार होतो. पणजोबा-पणजीचं लग्न १९०४ नंतरचं असेल आणि पणजीचं वय तेव्हा दहा-अकरा असेल, तर या प्रकरणांचा शोध जरूर घ्या. घरात 'आपल्याकडे कधी कोर्टकचेरी झाली नाही' असं छातीठोक सांगणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका.

एखादी शाखा १९०० च्या आसपास अचानक तुटली असेल तर संवत १९५६ चा छप्पनिया दुष्काळ आणि त्याला लागून आलेल्या साथी आठवा. १८९१ ते १९०१ मध्ये बडोदे राज्याची लोकसंख्या सुमारे २४ लाखांवरून साडेएकोणीस लाखांवर आली. १९०० ते १९०५ मधली दत्तकपत्रं आणि विधवांचे अर्ज नेटाने पाहावेत ते यासाठी. जनगणनेत मात्र नाव शोधू नका, तिचे फक्त तक्ते उरले आहेत.

घर आणि जमीन

शहरातल्या जुन्या घराचं प्रॉपर्टी कार्ड सिटी सर्व्हेत मिळतं. त्यासाठी विभाग, टिका नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर लागतो. रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी असं पेठेचं नाव सांगून काम होत नाही. हे तिन्ही नंबर जुन्या दस्तात किंवा घराच्या सध्याच्या मालकाकडे असतात. गावच्या जमिनीसाठी गाव नमुना ७/१२ आणि नमुना ६, म्हणजे फेरफारांच्या नोंदी, पाहा. जुनी स्कॅन केलेली पानं गुजरात सरकारच्या एनीआरओआर पोर्टलवर बघता येतात. नमुना ६ मधली वारसाई नोंद म्हणजे एका वाक्यातली वंशावळ. तलाठ्याकडे गेलात तर 'पेढीनामुं' हा शब्द वापरा, वंशावळ म्हणून विचारलंत तर तो गोंधळेल. नोंदी गुजरातीत असतील, पण इथे वाढलेल्यांना ती अडचण नाही.

तीर्थावरच्या वह्या

नाशिक, त्र्यंबकेश्वर, काशी, गया, प्रयाग इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमानाने स्वतःच्या हाताने नावं लिहिलेली असतात. बडोदेकरांनी यात चांदोद आणि सिद्धपूरची भर घालावी. सिद्धपूर मातृगया, तिथे आईचं श्राद्ध करायला लोक जात, आणि ते गायकवाडीतलंच गाव. आईसाठी गेलेला मुलगा आईचं नाव लिहिणारच, म्हणून स्त्रियांच्या शोधात हे ठिकाण मोलाचं.

जाताना आडनाव, मूळ गाव आणि जात तिन्ही सांगा, कारण उपाध्यायांनी यजमान त्यांवरच वाटून घेतलेले असतात. दक्षिणा आधी ठरवा. वही पाहायला मिळाली की आपल्या नोंदीच्या वरची आणि खालचीही वाचा, भाऊबंद एकत्रच जात. फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर हिंदू तीर्थांच्या वह्यांचा मोठा संग्रह आहे, विशेषतः हरिद्वारचा.

इंग्रजी कागद

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे पोर्टल घरबसल्या चाळता येतं. रेसिडेंटशी संबंध आलेल्या सरदार-कारभाऱ्यांचीच नावं तिथे असतात, साध्या कारकुनाचं नाव मिळायचं नाही. मुंबईच्या पुराभिलेखागारातल्या राजकीय खात्याच्या खंडांचंही तेच. शोधताना स्पेलिंग आजचं घालू नका. जोशी शेवटी दोन ई लावून, विठ्ठल डब्ल्यूपासून सुरू करून, गंगाधरमधल्या अकारांना यू घालून लिहिलेला सापडतो. गायकवाडांचं तर डझनभर प्रकारे.

मोडी

एकोणिसाव्या शतकाच्या मागे जायचं तर मोडीला पर्याय नाही. शब्द सुटे नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घ एकच. अक्षरं महिन्याभरात येतात, लेखकाचं वळण यायला वेळ लागतो. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्था वर्ग घेतात. स्वतः शिकायचं नसेल तर वाचकाकडून लिप्यंतर करून घ्या, पण नुसता सारांश घेऊ नका. सारांशात हमखास गळतात ती साक्षीदारांची नावं, आणि साक्षीदार बहुधा सोयरे असतात.

मूळ गावाकडे

वंशावळ मांडताना दोन स्वतंत्र कागदांनी जुळणारं नातं सलग रेघेने आणि एकाच कागदावरचं किंवा ऐकीव नातं तुटक रेघेने दाखवा. घरच्या कागदांना सेलोटेप लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. खिडकीजवळच्या उजेडात शेजारी फूटपट्टी ठेवून फोटो काढा.

बडोद्याची सलग रेघ जिथे संपेल, तिथून वाट देशावर किंवा कोकणात जाते. मूळ गावी वतन किंवा इनाम असेल तर पुण्याच्या पुराभिलेखागारात दोन गोष्टी मागा: पेशवे दफ्तरातले त्या गावाचे कागद आणि इनाम कमिशनच्या कैफियती (इनामदारांची लेखी निवेदनं). १८५२ पासून कमिशनने इनामदारांकडून हक्काचे पुरावे मागवले, तेव्हा मूळ संपादन करणाऱ्या पुरुषापासून हयात वारसापर्यंत पिढ्या सांगाव्या लागल्या. आपला पूर्वज तोवर बडोद्याला निघून गेलेला असेल, पण गावी राहिलेल्या भावाने दिलेल्या वंशावळीत त्याचं नाव येऊ शकतं. तेव्हा तिथल्या अर्जात मूळ गाव, परगणा आणि त्या भावाच्या शाखेचं आडनाव घाला, बडोद्यात पडलेलं नको.